रेमोंची बाटली

"केसांना काय लावलंयस?"

मादाम सोलांजनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, प्रवास कसा झाला तेही नाही. मी तळघराच्या शेवटच्या पायरीवर उभी होते आणि ती लाकडी पिंपांच्या रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला.

"खोबरेल तेल," मी म्हटलं.

"वर जा आणि धुऊन ये. या तळघरात वास फक्त वाइनला असतो."

मी धुसफुसत वर गेले आणि गार पाण्यानं डोकं धुतलं. दिंडोरीच्या ज्या वाइन कंपनीत मी नोकरीला होते, तिनं मला वर्षभर शिकायला म्हणून फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, व्हालब्रून नावाच्या या मळ्यावर पाठवलं होतं. मी नाशिककडची, द्राक्षांत वाढलेली. मला वाटत होतं, या बाईकडून आपण काय शिकणार, फार तर पिंपं पुसायला. चारुशीला हे नाव काही तिच्या जिभेला वळेना, म्हणून ती मला शारू म्हणायची. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, नाकावर माशी बसू न देणारी बाई होती ती. नवरा रेमों जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा थिएरी बोर्दोत दातांचा डॉक्टर होता. एवढ्या मोठ्या दगडी घरात ती एकटी राहायची, आणि त्या वर्षापुरती मी.

हे सगळं वीस वर्षांपूर्वीचं. तिथला हिवाळा आठवला की मला आजही अंगावर ओल आल्यासारखं वाटतं. नदीवरचं धुकं सकाळी चढायचं ते दुपारपर्यंत हलायचं नाही. पानं झडलेल्या वेलींच्या रांगा काळ्या दिसायच्या आणि पाऊस पडतोय की नाही तेसुद्धा नीट कळायचं नाही.

एकदा वेलींतून चालता चालता तिनं मला मळ्याचा इतिहास सांगितला, तोही रागावल्यासारखा. वरच्या दगडगोट्यांच्या उतारावर पहिल्या वेली लावल्या त्या मठातल्या साधूंनी. राज्यक्रांतीत मठाच्या जमिनी लिलावात निघाल्या, तेव्हा पिंपं बनवणाऱ्या एका कारागिरानं हा उतार घेतला. तो या घराचा मूळपुरुष. पुढे मुळं खाणारी कीड आली आणि साऱ्या फ्रान्सच्या द्राक्षबागा बसल्या. तेव्हा घरात कर्ती अशी एकच बाई उरली होती, विधवा आदेल. तिनं सगळ्या वेली उपटून जाळल्या आणि अमेरिकी मुळांवर कलमं बांधून मळा नव्यानं उभा केला.

"आमच्याकडेही तसंच करतात," मी म्हटलं. "डॉगरिजच्या मुळांवर कलम."

"मग तुला कळेल," ती म्हणाली. माझ्याबद्दल ती पहिल्यांदाच काही बरं बोलली होती.

त्या आदेलनं घराला एक नियम घालून दिला होता. किडीच्या वर्षांत व्यापारी कुठली कुठली वाइन आणून व्हालब्रूनच्या नावावर विकत होते. म्हणून तिनं ठरवलं, वाइन घरातल्याच माणसाच्या नाकानं ठरली पाहिजे. ज्या वर्षी तसं होणार नाही, त्या वर्षी बाटलीवर घराचं नाव लागणार नाही. ठरवायचं ते असं की मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळ्या पिंपांत मुरते. गोट्यांच्या उताराची वेगळी, चिकणमातीच्या पट्टीची वेगळी, खालच्या चुनखडीची वेगळी. फेब्रुवारीत एक दिवस सगळ्यांचे नमुने टेबलावर मांडायचे, हुंगायचे, चाखायचे, आणि कोणाचा किती भाग घ्यायचा ते ठरवायचं. ते मिश्रण म्हणजे त्या वर्षीची व्हालब्रून. रेमोंनंतर हे काम सोलांज करत होती.

आणि यावरच तिचं घर टिकून होतं. एका मोठ्या कंपनीला मळा हवा होता आणि थिएरीलाही तो विकून टाकायचा होता. एका भांडणात तिनं त्याला शब्द दिला होता, "ज्या वर्षी मला मिश्रण करता येणार नाही, त्या वर्षी खुशाल वीक." तेव्हापासून दर फेब्रुवारीला थिएरी यायचा, टेबलासमोर हाताची घडी घालून बसायचा आणि आई करते ते बघायचा. हे मला तिनंच सांगितलं होतं, आणि सांगताना तिला मजा वाटत होती. त्याच्याशी भांडण्यावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

द्राक्षतोडणी संपता संपता तिला ताप आला. दहा-बारा दिवस अंथरुणात होती. उठली ती आणखी वाळून, पण तळघरात पुन्हा पहिल्यासारखी फिरायला लागली.

नोव्हेंबरअखेर आईचं पार्सल आलं. त्यात घरी उकळलेलं माक्याचं तेल होतं, कापूर घातलेलं. रविवारी मला घराची इतकी आठवण आली की मी ते भरपूर चोपडलं आणि डोक्याला फडकं बांधून झोपून राहिले. सोमवारी सकाळी विसरून तशीच तळघरात गेले. मादामनं मला शेजारी उभं केलं, पिंपातून काचेच्या नळीनं थोडी वाइन काढून ग्लासात सोडली, नाक खुपसलं आणि म्हणाली, "बघ, व्हायोलेटचा वास यायला लागला."

मी ग्लास नाकाशी नेला. मला फक्त कापूर येत होता, माझाच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मादाम," मी म्हटलं, "माझ्या केसांना तेल आहे."

तिनं ग्लास हळूच पिंपावर ठेवला.

"कसलं?"

"माक्याचं. त्यात कापूर आहे."

"खूप येतोय वास?"

"तळघरभर."

भिंतीशी एक लाकडी ठोकळा होता, त्यावर ती बसली. मी तिला तिथे बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"तापानंतर नाक गेलं," ती म्हणाली. "कॉफी, पाव, साबण, कशाचाच वास येत नाही. आंबट, कडू, तुरट जिभेला कळतं. बाकी सगळं गेलं. डॉक्टर म्हणतो, येईल कदाचित. या वयात गेलेलं काही परत येत नसतं."

"कोणाला सांगितलंत?"

"आता तुला."

मी डोकं धुऊन आले. परत आले तेव्हाही ती तिथेच बसली होती.

"शारू, तुझं नाक बरं आहे," ती म्हणाली. "मी पहिल्या आठवड्यातच पाहिलं होतं. मला ते फेब्रुवारीपर्यंत हवंय."

"आणि आदेलचा नियम?"

"वास तू सांगायचा. ठरवणार मीच. नियम मोडत नाही."

तिचा स्वतःचा त्यावर विश्वास होता की नाही, मला माहीत नाही. पण तिनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नसावं, हे तिच्या मागण्यावरूनच कळत होतं. मला तिची दया आली. आणि खरं सांगायचं तर मोहही पडला. असं काम माझ्या वयाच्या मुलीला कोण देतं?

मग आमची तालीम सुरू झाली. रोज सकाळी मी एकेका पिंपाची वाइन हुंगायचे आणि तिला सांगायचे. पण मी सांगणार काय? तिच्याकडे व्हायोलेट, ब्लॅककरंट, देवदार, तिच्या बालपणातली फळं आणि लाकडं. माझ्याकडे माझी.

"जांभूळ," मी म्हणायचे. "नुसतं नाही, खाऊन झाल्यावर जीभ आखडते ना, तेव्हाचं."

"मी कधी खाल्लं नाही. गोड की आंबट?"

"आधी गोड. मग घशाला बसतं."

"आणि मागे?"

"मागे भिजवलेलं आमसूल. आणि सारवलेली जमीन वाळताना येतो तो वास."

"म्हणजे काय?"

मग मी तिला सारवणं म्हणजे काय ते सांगायचे. ती डोळे मिटून ऐकायची, वाइन जिभेवर घोळवायची, थुंकायची आणि म्हणायची, "चिकणमातीची पट्टी. सत्त्याऐंशी साली अशीच होती. गोट्यांच्या उतारातली थोडी घातली की सरळ होईल." मी तसं मिसळून हुंगायचे, आणि ती सरळ झालेली असायची. ही बाई न हुंगता, मी सांगितलेल्या न पाहिलेल्या फळांवरून, आपल्या आठवणीतली वाइन शोधून काढत होती. मी वाइन शिकले ती त्या तीन महिन्यांत. आधीचं सगळं नुसतं पुस्तकी होतं.

खुणाही ठरल्या. मी पेन टेबलावर आडवं ठेवलं तर वाइन ठीक, उभं धरलं तर त्यात दोष. रुमाल काढला तर तो नमुना नंतरसाठी ठेवायचा. म्हातारीला या लपवाछपवीत गंमत वाटायला लागली होती. एकदा म्हणाली, "थिएरीला लहानपणी पत्त्यांत मी असंच हरवायची."

तो दिवस आला. थिएरी सकाळीच गाडी घेऊन आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, नेटका माणूस. आईच्या दोन्ही गालांना गाल लावून तो टेबलासमोर घडी घालून बसला.

"या वर्षी तू दमलेली दिसतेस," तो म्हणाला.

"तू दरवर्षी हेच म्हणतोस."

"दरवर्षी तू दमलेलीच असतेस."

मी नमुने मांडले. ती एकेक ग्लास उचलून नेहमीसारखं नाक आत घालायची, डोळे मिटायची, चाखून थुंकायची. मी पेन आडवं ठेवत होते. एका नमुन्याला व्हिनेगरची झाक आली होती, तिथे मी पेन उभं धरलं. तिनं तो ग्लास नाकाशी नेला आणि तोंडाला न लावताच दूर सारला. "हे पिंप वेगळं काढ," म्हणाली. थिएरीनं पुढे होऊन तो ग्लास हुंगला आणि मान डोलावली. मला आतून हसू फुटत होतं. दुपारपर्यंत मिश्रण ठरलं, आणि ते फार सुंदर होतं. थिएरीनंही ते चाखलं आणि एवढंच म्हणाला, "ठीक आहे."

"म्हणजे आणखी एक वर्ष," मादाम म्हणाली आणि ॲप्रन सोडून जेवायला चला म्हणाली.

मिश्रणाच्या दिवशी जेवताना रेमोंनं केलेल्या शेवटच्या वर्षाची एक बाटली फोडायची, असा तिचा रिवाज होता. आधी घरच्या धनिणीनं हुंगायची, तिनं होकार दिला की मगच बाकीच्यांच्या ग्लासात ओतायची. दरवर्षी त्यातली एक कमी व्हायची, आणि ती उरलेली शेवटची होती. मेंढीचं मटण आणि शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ टेबलावर वाफाळत होती. मादामनं बूच स्वतः काढलं, आपल्या ग्लासात बोटभर ओतली, ग्लास फिरवला आणि नाकाशी नेला.

टेबलाच्या या बाजूला मला वास आला. भिजून कुबट झालेल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या गोणपाटाचा. वाइनचं बूच कधीकधी बाधतं. हजार काळजी घेतली तरी एखाद्या बुचात ती बुरशीची घाण असते आणि ती आतल्या वाइनचा जीव घेते. पिऊन काही होत नाही, पण कोणी पीत नाही. वाइन ओळखणारा लहान पोरगासुद्धा ते पहिल्या श्वासात ओळखतो. आम्ही प्रत्येक पिंपाची तालीम केली होती. या बाटलीचा विचारच केला नव्हता. माझं पेन तिकडे नमुन्यांच्या टेबलावर राहिलं होतं.

मी रुमाल काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात ती म्हणाली, "अजून तशीच आहे. रेमोंचा हात."

आणि तिनं थिएरीचा ग्लास भरला.

थिएरीनं ग्लास उचलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो ग्लास नाकाशी नेता नेता थांबला. त्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला खाली बघावं लागलं. मला वाटलं, संपलं. ज्यासाठी हा माणूस इतकी वर्षं येऊन घडी घालून बसत होता, ते आज आयतं त्याच्या हातात पडलं होतं. एक शब्द बोलायचा, की घर गेलं.

थिएरी प्यायला. सावकाश, सगळा ग्लास.

"हो, मामाँ," तो आईला म्हणाला. "फार छान आहे. आणखी दे ना थोडी."

तिनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा ग्लास भरला. तोही त्यानं संपवला. मीही माझा संपवला. तोंडात ओल्या पुठ्ठ्याची चव घेऊन आम्ही तिघं मटण खात होतो, आणि थिएरी दातांच्या दवाखान्यातल्या गमती सांगत होता. त्याला गमती सांगताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

जेवण झाल्यावर तो मला खुणेनं अंगणात घेऊन गेला. धुकं तसंच होतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तो ताप आला तेव्हापासून."

"म्हणजे आजचं मिश्रण तुमचं."

"वास माझा. ठरवलं सगळं त्यांनी. तुम्ही पाहिलंत."

त्यानं डोळे पुसले, चष्मा पुसत असल्यासारखं करून. "मी आज तिला पकडायला आलो होतो," तो म्हणाला. "ताप आल्यापासून फोनवर ती जेवणाबद्दल काही बोलत नव्हती, तेव्हाच मला शंका आली होती. पण वडिलांच्या वाइनवर... ते मला जमलं नाही. तिला सांगू नका, मला कळलंय म्हणून. राहू दे तिला इथे."

"नाही सांगणार."

मला हायसं वाटलं. वाटलं, हा नेटका, कोरडा माणूस शेवटी तिचाच मुलगा निघाला. आता ती शेवटपर्यंत या घरातच राहील आणि इथेच जाईल.

मी स्वयंपाकघरात आले तेव्हा मादाम भांडी न काढता टेबलाशी बसली होती. बाटलीत तळाशी थोडी उरली होती.

"बूच बाधलं होतं ना?" तिनं विचारलं.

मी बाटलीकडे पाहिलं. मग विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"थिएरीमुळे. या टेबलावर त्यानं कधी बापाच्या वाइनला चांगलं म्हटलेलं नाही. दोन घोट घ्यायचा, काहीतरी खोट काढायचा आणि ग्लास सरकवायचा. आज चांगली म्हणाला. वर आणखी मागितली." तिनं बाटली आपल्याकडे ओढली. "तो लहान असताना त्याचा आजोबा आजारी होता. तेव्हा आजोबाशी सगळे याच आवाजात बोलायचे."

"त्यांनी तुमच्यासाठी केलं, मादाम. ते काही बोलणार नाहीत. मिश्रणही झालंय, आणि ते चांगलं झालंय."

"चांगलंच झालंय. आपल्या घराच्या नावानं गेलं असतं तर लोकांनी वाखाणलं असतं. पण ते तुझं आहे, शारू. माझं नाही. आदेलला मी आज सकाळपर्यंत फसवत होते, ते पुरे. हे सगळं टँकरनं सुटी वाइन नेणाऱ्या व्यापाऱ्याला देऊन टाक, बिननावाचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिश्रणासाठी होतं की तिच्यासाठी, मला सांगता येणार नाही.

"एक वर्ष तरी," मी म्हटलं. "कदाचित वास परत येईल."

तिनं थिएरीला हाक मारली. तो अंगणातून आत आला आणि दारातच उभा राहिला.

"त्या कंपनीवाल्यांना फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं, उन्हाळ्याआधी येऊन बघून जा."

इतकी वर्षं ज्यासाठी तो भांडत होता ते हेच. तरी तो तीन पावलं पुढे आला, तिच्या खुर्चीशी वाकला आणि हळू आवाजात, समजूत घातल्यासारखा म्हणाला, "कशाला घाई, मामाँ? राहू दे ना. आणखी एक वर्ष थांबू. तुझ्या मनासारखं होऊ दे."

मादाम माझ्याकडे वळली.

"ऐकलास तो आवाज?" ती म्हणाली. "म्हणूनच."

मग तिनं बाटली माझ्या हातात दिली आणि मोरीकडे बोट केलं. "ही ओतून टाक. घरभर वास सुटला असेल."